प्राणाहुती

गृहस्थ भोजनास बसतो. पान वाढले जाते, नैवेद्य होतो, ताटाभोवती पाणी फिरते, उजव्या बाजूस चित्राहुती ठेवल्या जातात, आपोशन घेतले जाते आणि मग पहिले पाच लहान घास प्राण, अपान, व्यान, उदान व समान या पाच प्राणांच्या नावाने मुखात घातले जातात. हे घास दातांचा स्पर्श होऊ न देता गिळावेत असा संप्रदाय आहे. प्रांताप्रांतांतून या आचाराचे तपशील थोडेफार बदलतात. काही घरांत तो नित्य पाळला जातो, काही घरांत मुंजीच्या किंवा श्राद्धाच्या दिवशीच त्याची आठवण होते. परंतु त्यातील मूळ कल्पना सर्वत्र एकच आहे. ज्या घासाला दात लागत नाहीत त्याची चव कळत नाही. म्हणजे जेवणाच्या पहिल्या वाट्यावर जिभेचा हक्क नाही. तो वाटा प्राणाचा आहे.

असे का असावे? भूक पोटाला लागते, रुची जिभेला कळते, बळ हातापायांना मिळते. श्वास तर नासिकेच्या वाटेने येतो आणि त्याच वाटेने जातो. अन्नाची वाट वेगळी, वायूची वाट वेगळी. मग अन्नाची पहिली आहुती श्वासाला देण्यात काय अर्थ आहे? हा केवळ एक जुना संकेत आहे, की आहार आणि श्वास यांच्यामधील एखादा खरा संबंध त्यात सांगितलेला आहे? आणि तसा संबंध असेल, तर त्यातून गृहस्थावर कोणते कर्तव्य येते? या प्रश्नाचा विचार करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. छांदोग्य उपनिषदात इंद्रियांचा आणि प्राणाचा वाद प्रसिद्ध आहे. वाणी, चक्षू, श्रोत्र आणि मन ही एकामागून एक देह सोडून गेली, तरी देह जगला. प्राण निघू लागताच मात्र सर्वांचीच मुळे उखडू लागली. प्राणाचे श्रेष्ठत्व मान्य झाल्यावर प्राणाने जो पहिला प्रश्न विचारला तो मोठा अर्थपूर्ण आहे. माझे अन्न कोणते, असे त्याने विचारले. श्रेष्ठत्व सिद्ध झाल्यावरही प्राण निराधार राहू शकत नाही. तो भक्षक आहे, त्याला अन्न हवे आहे. तैत्तिरीय उपनिषदाने हेच पंचकोशांच्या रूपाने मांडले. अन्नमय देहाच्या आत प्राणमय देह आहे आणि तो अन्नमयाच्याच आकाराने भरलेला आहे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी आपण वैश्वानर होऊन प्राण्यांच्या देहात राहतो आणि प्राण व अपान यांच्याशी युक्त होऊन चतुर्विध अन्न पचवितो असे सांगितले आहे. जठरातील अग्नी एकटा अन्न पचवीत नाही. त्याला श्वासोच्छ्वासाची जोड लागते, ही गोष्ट या एका विधानात स्पष्ट आहे.

आयुर्वेदाने हा विचार रोग्याच्या शय्येपर्यंत नेला. चरकसंहितेच्या विमानस्थानात प्राणवह स्रोतसांचे मूळ सांगताना केवळ छातीकडे बोट दाखविलेले नाही. हृदय आणि महास्रोतस, म्हणजे अन्नाचा मोठा मार्ग, ही दोन्ही त्यांची मुळे होत असे तेथे म्हटले आहे. श्वासरोगाच्या चिकित्सेत तर तो रोग कफवातात्मक असून पित्ताच्या स्थानातून उद्भवतो असे निदान केले आहे. धाप छातीत लागते, पण तिचे बीज पुष्कळदा कोठ्यात असते, असा याचा आशय आहे. प्राणवह स्रोतसे कशाने बिघडतात याची जी यादी चरकाने दिली आहे, तीत एक कारण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. भुकेल्या माणसाने केलेले श्रम हे ते कारण होय. या कारणाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

आता अर्वाचीन शास्त्राकडे वळू. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे असे सिद्ध केले. सन १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाप्लास या गणितज्ञाच्या साहाय्याने त्याने एका लहानशा प्राण्याला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवून त्याच्या देहातील उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले. पुढे काही वर्षांनी त्याने आपल्या सहकाऱ्याच्याच श्वासाचे मापन केले. विश्रांतीपेक्षा श्रम करताना तर प्राणवायू अधिक लागतोच, पण नुसते जेवल्यानेही प्राणवायूची गरज वाढते असे त्यास आढळले. ज्या वैश्वानराला गीतेने प्राणापानांची जोड सांगितली, त्याचे हे एक प्रकारे तराजूवर झालेले दर्शनच होय. घास पोटात गेला म्हणजे भोजन संपले असे नाही. त्या घासाचे देहात ज्वलन व्हावयाचे असते, त्यासाठी श्वासाने प्राणवायू आणावा लागतो आणि ज्वलनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड श्वासानेच बाहेर टाकावा लागतो. तांदूळ, गहू, साखर यांसारखे पिष्टमय व गोड पदार्थ जळताना जितका प्राणवायू लागतो तितकाच कार्बन डायऑक्साइड निघतो. तूप-तेल जळताना दहा भाग प्राणवायूस सुमारे सात भाग निघतो. निरोगी माणसाला हा भेद जाणवत नाही. परंतु ज्याची फुफ्फुसे जीर्ण रोगाने थकली आहेत त्याला एका वेळचे मोठे जेवण म्हणजे एक ओझेच होते. म्हणून अशा रोग्यास वैद्य व डॉक्टर दोघेही थोडे थोडे आणि अधिक वेळा खाण्यास सांगतात.

विश्रांत स्थितीत प्रौढ मनुष्य मिनिटास साधारण बारा ते वीस वेळा श्वास घेतो. योगमार्गात अहोरात्रातील श्वासांची संख्या २१,६०० धरली आहे. ती मिनिटास पंधरा इतकी येते. प्रत्येक श्वासाच्या वेळी छाती व उदर यांच्यामधील श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू खाली सरकतो, तेव्हाच फुफ्फुसे पसरतात. त्या पटलाच्या लगेच खाली जठर आहे. जठर काठोकाठ भरले असेल तर पटलाला खाली येण्यास जागा राहत नाही. श्वास उथळ होतो, उठताबसता धाप लागते, आडवे पडले म्हणजे गुदमरल्यासारखे होते. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच निजणाऱ्याच्या जठरातील आम्लरस अन्ननलिकेत वर चढतो आणि काहींना त्यामुळे रात्री खोकला सुटतो किंवा दम्याची उबळ येते. पोटावर व छातीभोवती साठलेली चरबी तर फुफ्फुसांना दिवसरात्र चहूबाजूंनी आवळीत असते. वाग्भटाने अष्टांगहृदयात कुक्षीचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नाने आणि एक भाग द्रवाने भरावा, चौथा भाग वायूच्या संचारासाठी मोकळा ठेवावा असे सांगितले आहे. चौथा भाग रिकामा ठेवणे म्हणजे त्या जागी प्राणाला आसन देणे होय. श्राद्धाच्या किंवा लग्नाच्या पंगतीत आग्रहाने आणखी दोन लाडू वाढणारा यजमान पाहुण्याच्या प्राणाचेच आसन काढून घेत असतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

अतिभोजनाचा दोष सर्वांना समजतो. अनशनाचा दोष समजावयास मात्र वेळ लागतो, कारण त्याला पुण्याचा वेष असतो. श्वासपटल हा स्नायू आहे आणि छातीच्या फासळ्या हलविणारेही स्नायूच आहेत. देहाला दीर्घकाळ पुरेसे अन्न मिळाले नाही म्हणजे तो आपलेच मांस खाऊ लागतो. त्यातून श्वासाचे स्नायू सुटत नाहीत. दंड आणि मांड्या जशा कृश होतात तसे श्वासपटलही कृश होते. खोकला दुबळा पडतो, कफ बाहेर पडत नाही, आणि छातीत शिरलेल्या रोगाशी झुंजण्याची शक्ती उरत नाही. अन्नात लोह कमी असेल तर रक्तातील रंगद्रव्य घटते. फुफ्फुसे निर्दोष असली आणि हवा शुद्ध असली तरी त्या हवेतील प्राणवायू वाहून नेणारे वाहनच अपुरे पडते, आणि दोन जिने चढताच दम लागतो. श्वेतकेतूची कथा येथे आठवते. पित्याच्या आज्ञेने तो पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहिला. पाण्यामुळे प्राण तुटला नाही, परंतु पंधराव्या दिवसानंतर वेद म्हणण्यास सांगितले असता त्याला काहीच आठवेना. अन्न घेताच सर्व परत आले. उद्दालकाने पुत्राला उपवासाची थोरवी शिकविण्यासाठी हा प्रयोग केला नव्हता. अन्नावाचून ज्ञानाची ज्योत कशी विझत जाते ते दाखविण्यासाठी केला होता.

म्हणूनच गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग नाकारलेला आहे. आणि सतराव्या अध्यायात दंभाने देहाला पिळून काढणाऱ्या तपाला आसुरी म्हटले आहे, कारण त्या पिळवणुकीत देहस्थ परमेश्वरालाच क्लेश होतात. एकादशीला तळलेले फराळाचे पदार्थ दुप्पट खाणारा आणि चातुर्मासात हट्टाने देह वाळविणारा, हे दोघे परस्परविरुद्ध दिसले तरी एकाच चुकीचे दोन भाऊ आहेत. दोघांनीही आहाराचे माप प्राणाकडून न घेता अभिमानाकडून घेतलेले असते.

अन्न किती, याबरोबरच अन्न कोणते, हाही प्रश्न आहे. सतराव्या अध्यायात आयुष्य, सत्त्व, बळ आणि आरोग्य वाढविणारा, रसयुक्त, स्निग्ध व टिकाऊ पोषण देणारा आहार सात्त्विकांना प्रिय असतो असे म्हटले आहे. अतिकडू, अतिआंबट, अतिखारट, अतिउष्ण व दाह करणाऱ्या आहाराच्या मागे दुःख, शोक आणि रोग येतात असेही सांगितले आहे. आधुनिक निरीक्षणांचा कलही साधारण त्याच दिशेने जातो. ताजी फळे, भाज्या, कडधान्ये व अखंड धान्ये यांचा आहारात नित्य समावेश असणाऱ्या लोकांत फुफ्फुसांची शक्ती वयाबरोबर तुलनेने सावकाश घटते असे अनेक देशांत दिसून आले आहे. उलट, टिकविण्यासाठी रसायने घातलेले मांस सतत खाणाऱ्यांत श्वासाच्या जीर्ण व्याधी अधिक आढळल्या आहेत. पदार्थ टिकविण्यासाठी वापरले जाणारे सल्फाइटसारखे क्षार काही दमेकऱ्यांना तत्काळ बाधतात.

परंतु येथे सत्यनिष्ठा सुटता कामा नये. गीतेतील त्रिगुणात्मक आहाराचे वर्णन म्हणजे जीवनसत्त्वांचा तक्ता नव्हे आणि शास्त्रज्ञाचा तक्ता म्हणजे गीता नव्हे. दोहोंची बळेच एकवाक्यता करण्याने कोणाचाच गौरव होत नाही. दुधाने छातीत कफ वाढतो ही समजूत देशभर रूढ आहे. प्रत्यक्ष परीक्षा केली असता दूध पिण्याने फुफ्फुसांतील कफाची निर्मिती वाढल्याचे दिसले नाही. दुधानंतर लाळ किंचित दाट वाटते, तिलाच कफ समजले जाते. या समजुतीपायी खोकणाऱ्या लेकराचे दूध तोडणारी माता नकळत त्याचे बळ तोडते. त्याचप्रमाणे सात्त्विक आहार घेतो म्हणून दम्याचे औषध किंवा श्वासावाटे घ्यावयाचा फवारा बंद करणारा गृहस्थ श्रद्धेचा नव्हे तर अविचाराचा आश्रय करीत असतो. अन्न हे औषधाचे बळ वाढविते. ते औषधाची जागा घेत नाही.

येथपर्यंतचा विचार प्रत्येकाच्या स्वतःच्या देहापुरता झाला. पुष्कळ गृहस्थ येथेच थांबतात. ते मोजून जेवतात, तिखट टाळतात, पहाटे उठून प्राणायाम करतात आणि आपला श्वास निर्मळ ठेवतात. यात गैर काहीच नाही. पण एवढ्याने प्राणाहुती पूर्ण झाली काय? गीतेच्या चौथ्या अध्यायात प्राणायाम करणाऱ्यांच्या पाठोपाठ नियताहार साधकांचा उल्लेख आहे. ते प्राणांचे प्राणांतच हवन करतात असे सांगून त्यांची गणना यज्ञ जाणणाऱ्यांत केली आहे. आहाराचा नियम हा गीतेच्या दृष्टीने यज्ञ आहे. आणि यज्ञाचे लक्षण तिसऱ्या अध्यायात आधीच येऊन गेले आहे: जो केवळ स्वतःसाठी अन्न शिजवितो तो पाप खातो. ही दोन विधाने एकत्र ठेवली म्हणजे प्रश्न तीक्ष्ण होतो. आपल्या श्वासाच्या शुद्धीसाठी सात्त्विक जेवणारा, पण त्याच भिंतीपलीकडे अन्नावाचून कोणाचा श्वास खुंटत आहे याची विचारपूसही न करणारा मनुष्य सात्त्विक अन्न खातो, की तिसऱ्या अध्यायात निंदिलेले?

हा प्रश्न काल्पनिक नाही. क्षयरोग हा श्वासावाटे एका छातीतून दुसऱ्या छातीत जाणारा रोग आहे आणि भारतात त्याच्या वाढीस कारण होणाऱ्या गोष्टींत अपुरे पोषण ही फार मोठी गोष्ट आहे. क्षयाचे जंतू अनेकांच्या फुफ्फुसांत शिरतात. ज्याच्या देहात बळ आहे तेथे ते बहुधा दबून राहतात, ज्याच्या देहात नाही तेथे ते पेट घेतात. सन २०१९ मध्ये झारखंडच्या चार जिल्ह्यांत या संबंधीचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. त्यात २,८०० क्षयरोगी आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे होती. रोग्यांना सर्वत्रच अन्नाची शिधापेटी देण्यात आली. फरक ठेवला तो त्यांच्या कुटुंबीयांत. काही गावांच्या समूहांत कुटुंबीयांनाही सहा महिने तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वे मिळाली. प्रौढ माणसास दिवसाला सुमारे ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने अधिक पडतील एवढाच तो शिधा होता. इतर समूहांत कुटुंबीयांना असा शिधा नव्हता. सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले आणि फुफ्फुसाच्या सांसर्गिक क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. शिध्यात तांदूळ आणि डाळच होती. ज्या वस्तू कोणत्याही गृहस्थाच्या कोठीत असतात, त्यांनी अनेक श्वासांचे रक्षण केले.

या गोष्टीलाही दुसरी बाजू आहे आणि तीही सांगितली पाहिजे. सन १९५६ मध्ये मद्रास शहरात स्थापन झालेल्या क्षयोपचार केंद्राने घरी राहून औषध घेणारे गरीब रोगी आणि आरोग्यधामात उत्तम अन्न, विश्रांती व हवा यांच्यासह औषध घेणारे रोगी यांची तुलना केली. वर्षभर औषध नीट घेतले तर घरच्या कोरड्या भाकरतुकड्यावर राहणारे रोगीही जवळजवळ तितकेच बरे होतात असे १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातून दिसले. तेव्हा, जडलेला रोग औषधाने जातो. रोग जडू नये यासाठी अन्न लागते. दोन्ही प्रयोग एकत्र वाचले म्हणजे अन्नाचे खरे स्थान कळते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. क्षयरोग्याचे ताट, वाटी व पेला निराळा काढून त्याला पंगतीतून उठविण्याची चाल अजून कित्येक घरांत आहे. क्षय हवेतून पसरतो. ताटातून किंवा एकत्र जेवण्यातून पसरत नाही. घरात उजेड व वारा खेळता ठेवणे, रोग्याने खोकताना तोंड झाकणे आणि औषधाचा दिवस न चुकविणे ही खरी काळजी होय. ताट निराळे करण्याने रोग थांबत नाही, रोग्याचा घास मात्र त्याच्या घशात अडकतो.

हा विचार परक्याच्या घरापासून स्वतःच्या स्वयंपाकघरापर्यंत आणल्याविना राहू नये. गृहस्थाचे सात्त्विक अन्न शिजते कोठे आणि शिजविते कोण? सर्व आरंभ धुराने वेढलेल्या अग्नीसारखे सदोष असतात, हा अठराव्या अध्यायातील दृष्टान्त चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीला समजावून सांगावा लागत नाही. लाकूड, गोवऱ्या व काटक्या यांच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेल्या असंख्य स्त्रियांना, त्यांनी कधी विडी ओढलेली नसतानाही, धूम्रपान करणाऱ्यांसारखाच श्वासाचा जीर्ण रोग जडतो. सन २०१६ पासून सरकारी योजनेतून गॅस कोट्यवधी घरांत पोहोचला. तरी दुसरे सिलिंडर परवडत नाही म्हणून पुन्हा चूल पेटविणारी घरे आहेत. आणि धुरात शिजविलेले अन्न वाढून झाल्यावर ती स्वतः शेवटी बसते. भाजी उरली तर भाजी, नाही तर भाकरी आणि चटणी. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. भुकेल्या माणसाने केलेले श्रम प्राणवह स्रोतसांना बिघडवितात असे जे चरकाने सांगितले, त्याचे उदाहरण शोधावयास गृहस्थाला फार दूर जावे लागत नाही. ज्या घरात तीन वेळा प्राणायाम होतो आणि पाण्याची घागर उचलताना सुनेला धाप लागते, त्या घरात प्राणाची पूजा अर्धीच झालेली आहे.

श्रीरामानुजाचार्यांच्या परंपरेत अन्नाच्या शुद्धीचा विचार तीन दोषांच्या आधारे केला जातो: पदार्थाच्या स्वभावाचा दोष, त्यात केस-किडा-धूळ पडल्याने येणारा दोष, आणि अन्न ज्याच्यापासून आले त्या आश्रयाचा दोष. पहिले दोन दोष गृहिणी डोळ्यांत तेल घालून टाळते. तिसऱ्याकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते, किंवा त्याचा अर्थ शिवाशिवीपुरता आखूड केला जातो. खरे पाहता, ज्या धान्यामागे मजुराची बुडविलेली मजुरी आहे, ज्या ताटामागे शिजविणारीचा उपाशी श्वास आहे, त्या अन्नात आश्रयदोष नाही तर कोणत्या अन्नात आहे?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, लोकांना अन्न पुरविणे हे राज्यसंस्थेचे काम आहे. एका गृहस्थाच्या मूठभर तांदळाने काय होणार? राज्यसंस्थेचे ते काम आहे यात शंका नाही. सन २०१८ पासून क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्याची केंद्र सरकारची योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. परंतु त्याच सरकारने २०२२ पासून नागरिकांनाही क्षयरोग्याचे मित्र होऊन त्यास शिधा पुरविण्याचे आवाहन केले आहे; म्हणजे गृहस्थाला येथे जागा मोकळी ठेवलेली आहे. शिवाय गीतेत कर्तव्याचे मोजमाप परिणामाच्या आकाराने केलेले नाही. एका घरातील चार माणसांना सहा महिने डाळ मिळाली तर देशातील क्षय जाणार नाही. पण त्या घरातील एका मुलीची छाती वाचू शकेल. तिच्यापुरते ते पूर्ण आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ज्याचे त्याचे दुःख ज्याच्या त्याच्या प्रारब्धाने येते, त्यात दुसऱ्याने का पडावे, असे म्हटले जाते. याला उत्तर असे की, भुकेल्याची भूक हे जर त्याचे प्रारब्ध असेल, तर त्याची भूक दृष्टीस पडणे हेही पाहणाऱ्याचे प्रारब्ध आहे. त्या क्षणी काय करावे हे मात्र प्रारब्धावर सोपविलेले नाही. ते क्रियमाण कर्म आहे. स्वतःच्या लेकराला ताप आला असता कोणी प्रारब्धाचा विचार करीत बसत नाही. जो तर्क स्वतःच्या घरात वापरला जात नाही तो शेजाऱ्याच्या दारात उभा राहून सांगणे हा तत्त्वविचार नसून कृपणता आहे.

छांदोग्य उपनिषदातच याचा निर्णय मिळतो. मोठमोठ्या घरांचे स्वामी असलेले पाच वेदज्ञ गृहस्थ वैश्वानराचे ज्ञान मिळविण्यासाठी उद्दालकाकडे आले आणि उद्दालक त्यांना घेऊन केकय देशाच्या अश्वपती राजाकडे गेला. राजाने आपल्या राज्यात चोर नाही, मद्यपी नाही, तसाच कृपणही नाही असे त्यांना सांगितले. कृपणाला चोराच्या पंक्तीस बसविणाऱ्या या राजानेच प्राणाहुतीचे रहस्य उघड केले. प्राणाला दिलेली आहुती त्या एका देहात संपत नाही. प्राण तृप्त झाला की चक्षू तृप्त होतो, चक्षूच्या मागून सूर्य आणि द्युलोक तृप्त होतात. अशा रीतीने पाच आहुतींनी दिशा, अग्नी, पृथ्वी, वायू, आकाश सर्व तृप्त होतात. हे जाणून जो जेवतो त्याने आपले उच्छिष्ट समाजाने अत्यंत दूर लोटलेल्या माणसाला दिले तरी ते वैश्वानर आत्म्यातच हवन होते. आणि शेवटी त्या प्रकरणात एक चित्र येते: भुकेली लेकरे आईभोवती जमून तिच्याकडे पाहत बसतात, तशी सर्व भूते या अग्निहोत्राकडे डोळे लावून बसलेली आहेत. गृहस्थाच्या ताटाभोवती फिरविलेल्या पाण्याच्या रेषेपलीकडे कोण बसले आहे, हे त्या चित्रात दिसते.

तेव्हा प्राणाहुतीचा आचार ज्याला अर्थासह पाळावयाचा आहे त्याने काय करावे? त्याला नवे कर्मकांड नको. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा आणि तो रिकामा ठेवल्याने जे वाचते ते कोठीत परत न टाकता ज्याला उणे आहे त्याच्याकडे पोहोचवावे. रात्रीचे भोजन हलके व लवकर करावे. ताज्या भाज्या, फळे, डाळी यांना मिष्टान्नाआधी मान द्यावा. उपवास करावयाचा तर पचेल एवढाच करावा आणि घरातील गर्भिणी, रोगी, बालक व कष्टकरी यांच्यावर तो लादू नये. जी स्वयंपाक करते तिचे पान इतरांबरोबर मांडावे आणि तिच्या चुलीच्या धुराची चिंता देवघराच्या धुपाइतकीच करावी. गावात किंवा आळीत क्षयाचा रोगी असेल तर त्याच्या घरी, रोग्यापुरताच नव्हे तर सर्व घरापुरता, शिधा जाईल असे पाहावे. आणि त्याचे ताट निराळे करू नये.

श्वासावर कोणाचीही मालकी नाही. जी हवा एकाच्या छातीतून बाहेर पडते तीच दुसऱ्याच्या छातीत जाते. भिंती, जाती आणि उंबरठे तिला अडवीत नाहीत. अन्नाला मात्र मनुष्याने कुलूप घातले आहे. श्वास सर्वांचा आणि अन्न एकट्याचे, ही विसंगती प्राण सहन करीत नाही. तो ती रोगाच्या रूपाने परत करतो. उद्या पान वाढले जाईल, आपोशन घेतले जाईल आणि पहिला घास प्राणाच्या नावाने उचलला जाईल. तो उचलताना गृहस्थाने क्षणभर थांबावे आणि त्या दिवशी आपल्या आवाक्यातील कोणाचा प्राण भुकेला राहिला आहे एवढे मनात विचारावे. त्या विचारण्याने घास कडू झाला तर होऊ द्यावा. ती आहुती प्राणाची आहे. तिला रुचीची अपेक्षा पूर्वीपासूनच नाही.